देवदूतांचा निरोप : शांती कोणाची आणि कोणासाठी?

१/ नाताळ जवळ आला की एक वाक्य सर्वत्र दिसू लागते. शुभेच्छापत्रांवर, चर्चच्या कमानींवर, दुकानांच्या काचांवर पृथ्वीवर शांती नांदावी अशा अर्थाचे शब्द झळकतात. बेथलेहेमजवळच्या माळावर देवदूतांनी मेंढपाळांना दिलेल्या निरोपातून ते आले आहेत. आज ते निरुपद्रवी आशीर्वादासारखे वाटतात. ज्या काळात ते प्रथम लिहिले गेले, त्या काळात मात्र 'सुवार्ता', 'तारणारा', 'प्रभू' आणि 'शांती' हे शब्द रोमन सम्राटाच्या गौरवासाठी दगडात कोरले जात होते. ही शांती देणारा कोण आणि ती मिळणार कोणाला, या दोन प्रश्नांचा हा थ्रेड. 🧵

२/ आरंभीच एक मर्यादा आखून घेऊ. त्या रात्री आकाशात खरोखर कोणी प्रकटले होते का, हा श्रद्धेचा प्रांत आहे. इतिहासाच्या साधनांनी त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. परंतु हा निरोप ज्या भाषेत लिहिला गेला, त्या भाषेतील शब्दांना त्या काळी कोणते वजन होते आणि पहिल्या श्रोत्यांच्या कानांवर ते कसे पडले असतील, हे प्रश्न पूर्णपणे इतिहासाचे आहेत. त्यासाठी शिलालेख आहेत, हस्तलिखिते आहेत, समकालीन इतिहासकारही आहेत.

३/ मूळ साधन एकच : नव्या करारातील लूकचे शुभवर्तमान, अध्याय २. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांत येशूच्या जन्माची कथाच नाही. मत्तयाच्या कथेत पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष आणि तारा आहे, मेंढपाळ नाहीत. मेंढपाळ आणि त्यांना भेटलेले देवदूत केवळ लूककडे आहेत. हा ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिला गेला. बहुसंख्य अभ्यासक त्याचा काळ साधारण इ.स. ८० ते ९० मानतात, म्हणजे वर्णिलेल्या घटनेनंतर सुमारे ८०-९० वर्षांनी. हा काळ लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

४/ कथा थोडक्यात अशी. योसेफ आणि गरोदर मरिया नाझरेथहून बेथलेहेमला जातात. तेथे बाळ जन्मते आणि त्याला गव्हाणीत ठेवले जाते. जवळच्या रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांपुढे एक देवदूत उभा राहतो. तो त्यांना भिऊ नका असे सांगतो, सर्व लोकांना आनंद देणारी वार्ता आणल्याचे सांगतो, आणि दावीदाच्या नगरात तारणारा जन्मला असल्याचे कळवतो. मग त्याच्याबरोबर स्वर्गीय समुदाय प्रकटतो आणि देवाचा महिमा व पृथ्वीवरील शांती यांचा घोष करतो. मजकूर एवढाच. पंख, वीणा, कर्णे हे सारे पुढच्या चित्रकारांचे देणे.

५/ परंतु लूकने या अध्यायाची सुरुवात देवदूतांपासून केलेली नाही. पहिल्याच वाक्यात तो सम्राट ऑगस्टसचे नाव घेतो. सम्राटाची आज्ञा सुटते की साऱ्या जगाची नोंदणी व्हावी, आणि त्या आज्ञेमुळेच एक गरीब जोडपे वाटेला लागते. म्हणजे या एका अध्यायात दोन फर्माने शेजारी शेजारी ठेवली आहेत. पहिले रोमच्या राजवाड्यातून निघते आणि माणसांची मोजदाद करते. दुसरे त्याच माणसांच्या रानात, रात्रीच्या वेळी उच्चारले जाते. दुसऱ्याचा अर्थ पहिल्यावाचून लागत नाही.

६/ या नोंदणीच्या कालगणनेत मोठी अडचण आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. लूकच्या मते हे प्रसंग राजा हेरोदाच्या काळाशी जोडलेले आहेत. हेरोद इ.स.पू. ४ मध्ये मरण पावला असे सर्वसाधारणपणे मानतात. पण लूक ज्या क्विरिनियसच्या अमलातील नोंदणीचा उल्लेख करतो, ती इ.स. ६ मधली. हेरोदाचा पुत्र आर्केलाउस याला ऑगस्टसने पदच्युत करून हद्दपार केले, यहुदिया थेट रोमन अमलाखाली आणला आणि मग ती नोंदणी झाली. दोहोंत सुमारे दहा वर्षांचे अंतर आहे. ते मिटवण्याचे अनेक प्रयत्न झाले, पण सर्वमान्य असे उत्तर निघाले नाही.

७/ तारखेचा घोळ असला तरी लूकने नोंदणीच का निवडली, हा प्रश्न उरतोच. नोंदणी म्हणजे करआकारणीची पहिली पायरी. जमीन कोणाची, माणसे किती, वसूल किती, हे ठरवणारा अधिकार आता रोमचा आहे, याची ती जाहीर खूण होती. यहुदी इतिहासकार जोसीफस सांगतो की या नोंदणीविरुद्ध गालीलचा यहूदा उठला आणि देवाखेरीज कोणाला स्वामी मानणे हे दास्य आहे, अशी त्याची भूमिका होती. लूकला हे ठाऊक होते. त्याच्याच दुसऱ्या ग्रंथात, प्रेषितांच्या कृत्यांत, नोंदणीच्या दिवसांतील या यहूदाच्या बंडाचा उल्लेख आहे.

८/ त्या प्रदेशाने रोमची शांती जवळून पाहिली होती. इ.स.पू. ४ मध्ये हेरोद मेला तेव्हा ठिकठिकाणी उठाव झाले. सिरियाचा रोमन अधिकारी वारुस सैन्य घेऊन खाली उतरला. जोसीफसच्या सांगण्यानुसार गालीलमधील सेफोरिस हे नगर जाळण्यात आले, तेथील रहिवाशांना गुलाम करण्यात आले, आणि यहुदियात सुमारे २००० जणांना क्रुसावर चढवण्यात आले. हे सेफोरिस नाझरेथपासून काही थोड्या किलोमीटरांवर आहे. येशूचा जन्म आणि ही राख, दोन्ही साधारण एकाच काळातील.

९/ आता रोमकडे वळू. इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या युद्धात ऑक्टेव्हियनने अँटनी आणि क्लिओपात्रा यांचा पराभव केला. दीर्घ यादवी संपली आणि इ.स.पू. २७ मध्ये त्याला 'ऑगस्टस' ही उपाधी मिळाली. राज्यात सर्वत्र शांतता असली की जेनस या देवाच्या मंदिराची दारे बंद करण्याची रोमन प्रथा होती. आपल्या काळात ती तीनदा बंद करण्याचे ठरले, याचा ऑगस्टसने आपल्या आत्मवृत्तपर लेखात अभिमानाने उल्लेख केला आहे. इ.स.पू. ९ मध्ये रोममध्ये त्याच्या शांतीची वेदी समारंभपूर्वक अर्पण झाली. ती जेथे उभारली ते मैदान युद्धदेव मार्सच्या नावाचे होते.

१०/ याच इ.स.पू. ९ या वर्षाच्या सुमारास आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, एक ठराव झाला. पाउलुस फाबियुस माक्सिमुस या रोमन अधिकाऱ्याने सुचवले की यापुढे वर्षारंभ ऑगस्टसच्या जन्मदिवशी, २३ सप्टेंबरला, धरावा. प्रांतातील नगरांच्या सभेने ते मान्य केले. प्रिएने या नगरात सापडलेल्या ग्रीक शिलालेखात हा ठराव वाचायला मिळतो. त्याचा आशय असा की ऑगस्टस हा तारणारा म्हणून पाठवला गेला, त्याने युद्ध संपवले, आणि या देवाचा जन्मदिवस हा जगासाठी सुवार्तांचा प्रारंभ ठरला. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडात आला आणि अभ्यासकांत खळबळ उडाली.

११/ खळबळीचे कारण उघड आहे. जन्म, तारणारा, सुवार्ता, युद्धाचा अंत, साऱ्या जगाचे कल्याण, हे सारे घटक येथे येशूच्या जन्मकथा लिहिल्या जाण्याच्या कितीतरी आधी, एका माणसाविषयी लिहिलेले आहेत. शिलालेखातला 'युआंगेलिया' हा शब्द म्हणजे शुभवार्ता. ख्रिस्ती परंपरेत ज्याला आपण शुभवर्तमान म्हणतो तो हाच शब्द. लूकच्या देवदूताच्या तोंडी याच धातूचे क्रियापद आहे : सुवार्ता सांगणे. त्यापुढे 'सोतेर', म्हणजे तारणारा. त्यापुढे 'किरिओस', म्हणजे प्रभू, स्वामी. आणि घोषात 'एइरेने', म्हणजे शांती.

१२/ 'सोतेर' हा शब्द आपल्या इतिहासप्रेमींना अगदीच परका नसावा. इंडो-ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातील मिलिंद, याची नाणी आठवा. एका बाजूला ग्रीकमध्ये 'सोतेर' ही उपाधी आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत तिचा प्राकृत अनुवाद 'त्रातारस', म्हणजे त्रात्याचे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात वायव्य भारतातल्या बाजारात हे नाणे हातोहाती फिरत होते. म्हणजे 'तारणारा' ही उपाधी ग्रीक जगतात राजेलोक स्वतःस लावून घेत. ती ऐकताच पहिल्यांदा डोळ्यांपुढे येई तो सिंहासनावरचा माणूस.

१३/ येथे सावध राहायला हवे. साम्य दिसले की एकाने दुसऱ्याची नक्कल केली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. लूकपुढे दुसरे एक भांडारही होते : यहुदी धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात शुभवार्ता आणणारा दूत आहे, शांतीची घोषणा आहे, जन्मलेल्या बालकाला लाभलेल्या राजपदाची आणि शांतीची भाषा आहे. त्या भाषांतरात 'किरिओस' हा शब्द देवाच्या नावाऐवजी योजला जातो. म्हणून यहुदी कानाला देवदूताच्या शब्दांत यशया ऐकू येई, आणि ग्रीक-रोमन नगरात वाढलेल्या कानाला सम्राटाचा ठराव. लूकचे अनेक वाचक या दोन्ही जगांत वावरणारे होते.

१४/ मग हा निरोप म्हणजे रोमविरुद्ध बंडाची हाक होती का? याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लूक बंडखोरीचा प्रचारक नव्हे. त्याच्या ग्रंथांत अनेक रोमन अधिकारी चांगल्या रंगांत रंगवलेले आहेत. योसेफ आणि मरिया निमूटपणे नोंदणीला जातात, गालीलच्या यहूदाप्रमाणे हत्यार उचलत नाहीत. परंतु सम्राटाचे नाव अध्यायाच्या माथ्यावर ठेवून, त्याच्याच उपाध्या एका गव्हाणीतल्या मुलाला देणे, हे सहज घडलेले नाही. लूक सिंहासन उलथवत नाही. सिंहासनाचे शब्द मात्र तेथून उचलतो आणि दुसरीकडे नेऊन ठेवतो.

१५/ ते कोणापुढे ठेवतो, हे महत्त्वाचे. मेंढपाळ म्हणजे समाजाने तुच्छ लेखलेला वर्ग, असे नेहमी सांगितले जाते. त्यासाठी दिले जाणारे पुरावे बहुधा पुढच्या काळातील रब्बींच्या ग्रंथांतले आहेत, त्यामुळे ते जपून वापरावेत. उलट दावीद राजा स्वतः बेथलेहेमचा मेंढपाळ होता, आणि रोमन कवी व्हर्जिलने इ.स.पू. ४० च्या सुमारास आपल्या चौथ्या गोपगीतात एका बालकाच्या जन्माशी सुवर्णयुग जोडले होते. पण मेंढपाळ तुच्छ नसले तरी सामान्य होते. प्रिएनेचा ठराव अधिकारी आणि नगरप्रमुखांनी केला. लूकची वार्ता रात्रपाळीवरच्या राखणदारांना मिळाली, आणि तीही त्यांच्या नावाने : तुमच्यासाठी जन्मला आहे, अशा रोखाने.

१६/ आणखी दोन तपशील पाहा. देवदूत खूण सांगतो ती राजचिन्हाची नाही. बाळंत्यात गुंडाळलेले मूल आणि जनावरांची गव्हाण ही ती खूण. दुसरा तपशील शब्दाचा आहे. जो समुदाय घोष करतो त्याच्यासाठी लूकने 'स्त्रातिया' हा शब्द वापरला आहे. ग्रीकमध्ये त्याचा सरळ अर्थ सेना. यहुदी परंपरेत स्वर्गीय सेनेची कल्पना जुनीच होती. तरीही चित्र नजरेत भरते. रोमची शांती सैन्याच्या विजयातून येई, हे ऑगस्टसनेच अभिमानाने नोंदवून ठेवले होते. येथे सेना येते, पण युद्ध करत नाही. ती घोष करते आणि परत जाते.

१७/ आता खुद्द घोषाकडे येऊ. तो हिब्रू काव्यपद्धतीप्रमाणे समांतर ओळींत बांधलेला आहे : वर आणि खाली, देव आणि माणसे, महिमा आणि शांती. 'शांती' या शब्दाच्या तीन भाषांतील तीन छटा समजून घेणे येथे उपयोगी ठरेल. लॅटिन 'पाक्स' हा शब्द करारमदाराशी नाते सांगणारा आहे. ग्रीक 'एइरेने' बहुधा युद्धाच्या अभावाचा अर्थ देतो. हिब्रू 'शालोम' याचे मूळ पूर्णतेत, धडधाकटपणात आहे : शरीर, घर, शेत, नाती, सारे ठीक असणे. लूकने लिहिला तो ग्रीक शब्द. पण यशयाच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला त्यात 'शालोम'चा भरलेपणा ऐकू येणार.

१८/ शांती देणारा कोण, हा पहिला प्रश्न येथवर उलगडला. दुसरा प्रश्न ती कोणासाठी, आणि तो तर अक्षरशः एका अक्षरावर येऊन थांबतो. घोषाच्या शेवटी ग्रीक हस्तलिखितांत दोन पाठ आढळतात. काहींत 'युदोकिया' आहे, काहींत 'युदोकियास'. फरक शेवटच्या सिग्मा या अक्षराचा. सिग्मा नसेल तर तीन गोष्टींची यादी होते : देवाला महिमा, पृथ्वीवर शांती, माणसांविषयी सद्भाव. सिग्मा असेल तर शब्द षष्ठी विभक्तीत जातो आणि शांती 'प्रसादाच्या माणसांना' मिळते. म्हणजे एका पाठात सर्व माणसे येतात, दुसऱ्यात माणसांना एक विशेषण लागते.

१९/ हे केवळ तर्क नाहीत, ते चर्मपत्रावर पाहता येते. कोडेक्स सिनाइटिकस हे चौथ्या शतकातले हस्तलिखित सिनाय येथील सेंट कॅथरिनच्या मठात होते. एकोणिसाव्या शतकात टिशेनडॉर्फ या जर्मन विद्वानामुळे ते जगापुढे आले. सोव्हिएत सरकारने १९३३ मध्ये ते ब्रिटनला १ लाख पौंडांना विकले. त्यात मूळ लेखनिकाने सिग्मा लिहिला होता आणि नंतरच्या कोणा दुरुस्तकाने तो काढून टाकला. व्हॅटिकनमधील तितक्याच जुन्या हस्तलिखितातही असाच बदल दिसतो. त्या काळच्या लिपीत सिग्मा चंद्रकोरीच्या आकाराचा असे. एवढी एक चंद्रकोर पुसली की शांतीचा परीघ बदलतो.

२०/ मूळ पाठ कोणता? अशा प्रश्नांची पद्धत आपल्याकडेही परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा शेकडो हस्तलिखितांतील पाठभेद असेच पारखले गेले. त्यातील एक सूत्र असे : दोन पाठांपैकी जो अवघड, तो बहुधा जुना. लेखनिक अवघड ते सोपे करतो, सोपे ते मुद्दाम अवघड करत नाही. 'प्रसादाची माणसे' हा प्रयोग ग्रीकमध्ये अवघडच आहे. जुनी महत्त्वाची हस्तलिखितेही त्याच बाजूची आहेत. म्हणून आजच्या बहुतेक चिकित्सित आवृत्त्या सिग्मासह पाठ स्वीकारतात.

२१/ पण दोन्ही पाठ आपापल्या वाटेने जगभर गेले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने सिद्ध केलेल्या लॅटिन भाषांतरात षष्ठीचा पाठ आहे. त्या लॅटिन शब्दांमुळे 'सदिच्छा बाळगणाऱ्या माणसांना शांती' असा अर्थ रूढ झाला, जणू शांती ही चांगुलपणाची मजुरीच. मिस्साविधीतील महिमागीतात हेच शब्द आहेत, आणि १९६० च्या दशकापर्यंत वसई-गोव्याच्या चर्चमध्येही ते लॅटिनमध्येच म्हटले जात. दुसरीकडे इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तो मध्ययुगीन हस्तलिखितांवरून. त्यात सिग्मा नव्हता. ल्यूथरचे १५२२ चे जर्मन आणि १६११ चे इंग्रजी भाषांतर त्याच वाटेने गेले. शुभेच्छापत्रांवरचा सद्भाव येतो तो येथून.

२२/ १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहांतून हिब्रू गुंडाळ्या सापडू लागल्या. तेथील स्तोत्रांत 'त्याच्या प्रसादाचे पुत्र' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. तो ज्या पंथाचा, तो येशूच्या काळात अस्तित्वात होता. त्यामुळे लूकचा अवघड ग्रीक प्रयोग हा एका रूढ सेमिटिक वाक्प्रचाराचा अनुवाद असावा, हे मत बळकट झाले. त्याबरोबर अर्थही स्पष्ट झाला. प्रसाद माणसांचा नव्हे, देवाचा. सदिच्छा असलेली माणसे नव्हेत, तर ज्यांच्यावर देवाची कृपा झाली ती माणसे. शांती मजुरी राहिली नाही. ती दान ठरली.

२३/ परंतु यातून नवा पेच उभा राहतो. कृपा झालेली माणसे कोणती? कुमरानच्या पंथाचे उत्तर सरळ होते : आमचा संघ. बाकीचे अंधाराचे पुत्र. लूकचे उत्तर एवढे आखूड नाही. त्याच घोषाच्या आधी देवदूत वार्ता सर्व लोकांसाठी असल्याचे सांगतो. त्या 'लोक' शब्दाचा पहिला अर्थ इस्राएल असाच आहे. पण याच अध्यायात पुढे शिमोन नावाचा वृद्ध या बालकाला परराष्ट्रीयांसाठीही प्रकाश म्हणतो. लूकने कृपेला विशेषण लावले खरे, पण त्याच्या कथेत ते पहिल्यांदा लागू झाले ते रानातल्या राखणदारांना. परीघ आखला आहे, मात्र आखणारा हात अधिकाऱ्याचा नाही.

२४/ आता तिसऱ्या पोस्टमधील काळ आठवा : इ.स. ८० ते ९०. त्याआधी, इ.स. ७० मध्ये, टायटसच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि मंदिर जाळले. इ.स. ७५ मध्ये त्याचा पिता सम्राट व्हेस्पेशियन याने रोममध्ये एक भव्य वास्तू अर्पण केली. तिचे नाव शांतीचे मंदिर. यरुशलेमच्या मंदिरातून लुटलेली सोन्याची पात्रे तेथे ठेवली, असे जोसीफस लिहितो. लूकचे पहिले वाचक 'शांती' हा शब्द ऐकत होते तो या पार्श्वभूमीवर. रोमन इतिहासकार टॅसिटसनेही पुढे एका ब्रिटन सरदाराच्या तोंडून रोमच्या शांतीचा उपहास केला : उजाड करून ठेवायचे आणि त्यालाच ते नाव द्यायचे. लूकच्या ग्रंथात उत्तरार्धात येशू यरुशलेमकडे पाहून रडतो, कारण शांती कशात आहे हे त्या नगराला उमगले नाही.

२५/ या निरोपाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला आणि शतक संपण्यापूर्वी तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. सिंहासनावरून उचललेले शब्द पुन्हा सिंहासनापाशी पोहोचले. त्यानंतर कित्येक शतके हा निरोप अनेक देशांत राजसत्तेच्या गलबतांतून गेला. गोव्यात १५६० च्या दशकात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील मंदिरे पाडली. त्याच साष्टीतल्या राचोलला १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. मराठी ओवीत, आपल्याच पुराणांच्या वळणाने त्याने येशूची कथा सांगितली. मराठी साहित्याचा तो अलंकार आहे, आणि ज्या भूमीवर तो घडला तिच्यावरची जखमही खरी आहे. इतिहास वाचताना दोन्ही वाक्ये एकत्र वाचावी लागतात.

२६/ तर सारांश. देवदूतांच्या निरोपातील 'शांती' हा मोघम आशीर्वाद नव्हता. शांती देण्याचा मक्ता आपला, असे सांगणाऱ्या साम्राज्याच्या काळात, त्याच साम्राज्याने मोजलेल्या माणसांना, त्याच साम्राज्याच्या शब्दांत दिलेला तो वेगळा शब्द होता : शांती विजयातून येत नाही आणि ती कमवावीही लागत नाही. तो श्रद्धेने स्वीकारावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यातून एक सवय उचलावी. कोणत्याही काळात, कोणत्याही सत्तेने 'शांतता प्रस्थापित झाली' असे जाहीर केले, की दोन प्रश्न विचारायचे : ती कोणी जाहीर केली, आणि ती कोणाच्या वाट्याला आली?

आपले प्रश्न आणि मतभेद खाली जरूर नोंदवा. पाठभेदांविषयी कोणाला अधिक वाचायचे असेल तर त्यावर स्वतंत्र थ्रेड लिहिता येईल. सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. 🙏